ऑरिन प्रेथरची साक्ष

"निम्मी पानं दांड्यालाच ठेवते, आणि म्हणे मदतीला आले," ऑरिन पुटपुटला.

शेजारी उभ्या असलेल्या बायकोला ऐकू यावं आणि पलीकडे उभ्या असलेल्या बहिणीला येऊ नये, इतक्या बेतानं पुटपुटला. पण ती खोली होती केवढी! कोठाराच्या कुशीला चिकटवलेली, एका बाजूला खिडक्यांची ओळ, खिडक्यांखाली लांबलचक बाकडं, कोपऱ्यात लाकडं खाणारी शेगडी. तिथं कोणी मनातल्या मनात शिवी दिली तरी ती दुसऱ्या टोकाला पोचायची.

"ऐकलं मी," रेट्टा म्हणाली.

"ऐकायलाच म्हटलं."

"मग मोठ्यानं म्हण की. राजधानीत आम्ही मोठ्यानंच म्हणतो."

"राजधानीत तुम्ही काय म्हणता ते आम्ही पेपरात वाचतो, सिस."

 त्याच्या बायकोसमोर, लव्हॉनसमोर, नवा दांडा आला होता.

गुरुवारपासून हवेला ओल धरली होती. कोठारात उलटी टांगलेली तंबाखू अशा हवेत मऊ पडते. मग ती उतरवायची, दांड्यावरून पानं ओढायची, प्रतीप्रमाणे लावायची. हवा पुन्हा सुकली की तेच पान हातात चुरा होतं. त्यामुळे हवा धरली म्हणून फोन आला की प्रेथरांच्या घरात कोणी नाही म्हणत नसे, मग तो दवाखान्यात असो की विधिमंडळात. रेट्टा शनिवारी पहाटेच गाडी घेऊन आली होती. ती या भागाची आमदार होती. घटस्फोटानंतर तिनं माहेरचं आडनाव परत घेतलं होतं. मनानं म्हणा, किंवा या डोंगरात मतं प्रेथर नावाला मिळतात म्हणून म्हणा.

बाकड्याशी उभं राहण्याची रीत ठरलेली. पहिले पॅपॉ, म्हणजे ऑरिन आणि रेट्टाचे वडील एस्टिल प्रेथर. नात कार्ली जन्मल्यापासून त्यांच्या दोन मुलांखेरीज सगळेच त्यांना पॅपॉ, आजोबा, म्हणत. ते तळाची पानं ओढून दांडा पुढे सरकवत. मग कार्ली, म्हणजे ऑरिन आणि लव्हॉनची मुलगी. मग रेट्टा, मग ऑरिन, आणि शेवटी लव्हॉन. तिच्या वाट्याला शेंड्याची पानं आणि उघडा दांडा. नियम एकच: आपल्या प्रतीचं तेवढंच पान ओढायचं, दुसऱ्याच्या पानाला हात लावायचा नाही. कोणाचं राहिलं तर ते तसंच पुढे जाणार आणि अखेर लव्हॉनपुढे येऊन थांबणार. ती राहिलेलं पान गुपचूप बाजूला ठेवायची आणि कॉफीच्या वेळी ज्याच्या त्याच्या ढिगात नेऊन टाकायची. इतक्या वर्षांत हे कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. तिला मात्र दांडा पाहून कळायचं कोणाचं चित्त कुठे आहे. आज रेट्टाची पानं राहत होती. कार्लीची राहत होती. दुसऱ्याच्या चुका मोजणाऱ्या ऑरिनचीही राहत होती. ऐंशी उलटलेल्या पॅपॉंची तेवढी राहत नव्हती.

"मंगळवारसाठी माझा काळा कोट काढून ठेवलाय," पॅपॉ म्हणाले. "ऑरिन, तोच घाल."

"मला खांद्यात होत नाही, डॅडी."

"श्वास घेऊ नकोस. भाषणाला असा किती श्वास लागतो?"

मंगळवारचं नाव निघालं आणि खोलीतले हात मंदावले. सिगारेटच्या पाकिटावरचा कर वाढवायचा, आणि ज्यांच्या आईबापांना परवडत नाही अशा मुलांच्या आजारपणाचा विमा त्या पैशातून करायचा, असं विधेयक समितीपुढे आलं होतं. समितीत दोन्हीकडची मतं सारखी. मधोमध एकटी रेट्टा. तंबाखू उत्पादकांच्या संघानं साक्षीला माणूस निवडला तोही नेमका तिचा भाऊ. संघाला वेडं कोण म्हणेल?

ऑरिननं एप्रनच्या खिशातून घडीचा कागद काढला आणि हात लांब करून वाचला. "‘चार पिढ्या या पिकानं आम्हाला खाऊ घातलं, शिकवलं, आजारपणात सांभाळलं.’ चांगलं लिहिलंय."

"कोणी लिहिलंय?" कार्लीनं विचारलं.

"संघानं."

"म्हणजे ज्याला सांभाळलं त्यानं नाही."

"तू दांडा पुढे सरकव."

"कर सिगारेट ओढणाऱ्यावर आहे, डॅडी. पिकवणाऱ्यावर नाही."

"ओढणारे कमी झाले की पिकवणाऱ्यानं काय करायचं? पुन्हा ढबू मिरच्या लावायच्या?"

यावर पॅपॉसुद्धा हसले. सरकारच्या सांगण्यावरून ऑरिननं एकदा तीन एकर ढबू मिरच्या लावल्या होत्या. खरेदी करणारी कंपनी हंगामाच्या मध्यात बुडाली आणि घरादारानं थंडीभर मिरच्या खाल्ल्या. लव्हॉन कामाला होती त्या शाळेच्या स्वयंपाकघरातही तिनं त्या खपवल्या. मुलांनी ताटातून काढून एकमेकांना मारल्या.

"मी अजून ठरवलेलं नाही," रेट्टा एकदम म्हणाली.

हसू जागच्या जागी थांबलं.

"ठरवायचं काय त्यात?" पॅपॉंनी मान वर केली नाही. "तुझ्या निवडणुकीच्या पाट्या कोणाच्या कोठारांवर लागल्या होत्या? डॉक्टरांच्या?"

"तुमच्या लागल्या होत्या, डॅडी. ते विसरले नाही मी."

"मग झालं तर."

"मंगळवारी मी पण बोलणार आहे," कार्ली म्हणाली. "नाव दिलंय."

आता दांडे थांबलेच. ऑरिननं वळून मुलीकडे पाहिलं. "कुठल्या बाजूनं?"

"माझ्या पोरीच्या. मेसीच्या."

"मेसीचा यात काय संबंध?"

कार्लीनं आईकडे पाहिलं. लव्हॉननं मान किंचित हलवली: बोल आता, कधीतरी बोलायचंच होतं.

"तिचं विम्याचं सरकारी कार्ड गेलं, डॅडी. ट्रॉयला गोदामात नोकरी लागली ना, तेव्हाच. पगार थोडा वाढला आणि मुलांच्या सरकारी विम्याच्या रेषेच्या वर गेलो आम्ही. गोदामवाले म्हणतात, तुझा विमा करतो, बायकापोरांचा तुझा तू बघ. ट्रॉयनं बघितला. तो घ्यायचा तर भाडं कशानं द्यायचं?"

"आपल्या घरात सरकारी कार्ड होतं?"

"आता नाहीये. तेच तर सांगतेय."

"माझ्याकडे यायचंस!" ऑरिनचा आवाज चढला. त्याला राग आला होता की लागलं होतं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. "मी मेलो होतो का?"

"आले असते तर काय दिलं असतंत, डॅडी? एक गठ्ठा तंबाखू? त्या पोरीला ती उशाला घेऊन झोपवू?"

"कार्ली," लव्हॉन म्हणाली.

"नाही, मॉम. ती रात्रभर शिट्टी वाजवल्यासारखा श्वास घेते. मी उशीला टेकून मोजत बसते."

पॅपॉ खाकरले. "आमच्या वेळी छाती भरली की कांद्याचं पोटीस बांधायचे."

"आणि?"

"आणि काही पोरं जगायची."

ते विनोद करत नव्हते. त्यांना दोन भावंडं होती, ती टेकडीवरच्या दफनभूमीच्या कुंपणात आहेत.  लव्हॉननं शेगडीत लाकूड सारलं आणि जेवायची वेळ झाली म्हणून सांगितलं, जरी झाली नव्हती.

*

बीन्स रात्रीपासून मंद विस्तवावर होत्या. मक्याची रोटी, चिरलेला कांदा, ताक. मेसी टीव्हीसमोर बसली होती. पाच वर्षांची. कोठाराच्या खोलीत तिला बंदी होती; तिथली धूळ नाकात गेली की संपलं.

"मॅमॉ, तुमच्या सगळ्यांना वास येतोय," ती आजीला, लव्हॉनला, म्हणाली.

"तो कामाचा वास आहे."

"मग तुम्ही काम थोडं लांब करा ना."

रेट्टा मोरीशी उभी राहून हात धूत होती. तंबाखूचा काळा चीक साबणानं जात नाही. हिरवा टोमॅटो चोळावा लागतो, आणि जानेवारीत तो कुठून आणणार? मागे कार्लीनं मेसीला जवळ ओढलं आणि तिच्या तोंडाशी औषधाचा पंप धरला.

"एकच," कार्ली म्हणाली.

"पूर्वी दोन होते."

"आता एकात भागतं."

"माझं नाही भागत."

"हळू ओढ, म्हणजे भागेल."

नळ वाहत राहिला. रेट्टानं हात धुणं कधीच थांबवलं होतं, नुसते धरले होते पाण्याखाली. लव्हॉननं पुढे होऊन नळ बंद केला आणि तिच्या हातात फडकं दिलं.

"हे तू रोज बघतेस?" रेट्टानं हळूच विचारलं.

"रविवारी बघते. रोज कार्ली बघते."

"तुझ्या शाळेच्या विम्यात नाही घेता येत तिला?"

"नात चालत नाही. नवरा चालतो, मुलगी अठरापर्यंत चालली. नात म्हणजे त्यांच्या लेखी शेजाऱ्याची पोर."

रेट्टानं फडकं घडी करून ठेवलं, उलगडलं, पुन्हा घडी केली. "मी होय म्हटलं तर पुढच्या वेळी माझी पाटी एकाही कोठारावर लागणार नाही, लव्हॉन."

"कोठारं मत देत नाहीत."

"त्यांचे मालक देतात."

"त्यांच्या बायका पण देतात. माझ्या शाळेच्या स्वयंपाकघरात आम्ही सातजणी आहोत. विचार कधीतरी, त्या तिथे का आहेत ते."

रेट्टानं तिच्याकडे नीट पाहिलं. नणंद-भावजयीत इतकी वर्षं गोडवा होता, पण तो वाटीच्या देवाणघेवाणीचा. आत्ता पहिल्यांदाच भांडं रिकामं न येता काहीतरी घेऊन आलं होतं.

"तू कधी निवृत्त होणार?" रेट्टानं विचारलं.

"गुडघे म्हणतात, कालच. ऑरिनची पाठ म्हणते, अजून नाही."

"त्याला सांगितलंस हे कधी?"

"चल, बीन्स गार होतायत."

टेबलावर ऑरिन आणि कार्ली एकमेकांकडे न पाहता जेवत होते. अशा वेळी पॅपॉ नेहमी सुरक्षित विषय काढत, आणि त्यांचा सर्वांत सुरक्षित विषय म्हणजे सून.

"लव्हॉनचं बरंय," ते रोटी ताकात बुडवत म्हणाले. "तिला मुळात घरात करमतच नाही. हौस म्हणून शाळेत जाते, पोरांत रमते, पोरांना खाऊ घालते. ना कर, ना हवामान."

"हो ना," ऑरिन म्हणाला.

लव्हॉननं त्यांना आणखी बीन्स वाढल्या. हे वाक्य या घरात इतकी वर्षं बोललं जात होतं, की त्याला भिंतीवरच्या घड्याळासारखी जागा झाली होती. कार्ली दुसरीत असताना लव्हॉन शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. त्या उन्हाळ्यात गारपिटीनं पीक झोपलं होतं आणि कार्लीचं अपेंडिक्स फुटलं होतं. लग्नानंतर वाट्याला आलेलं रोपांच्या वाफ्यांचं काम, लोणची, कोंबड्या, हे सगळं तिला आवडत होतं. पहाटे डोक्याला जाळी बांधून चारशे पोरांसाठी बिस्किटं भाजणं तिला आवडत नव्हतं, कधीच आवडलं नाही. पण नवऱ्याचं तोंड ज्या वाक्यानं वर राहतं ते वाक्य बायको मोडत नाही. निदान लव्हॉननं मोडलं नव्हतं. पुढे एकदा कोठारात तंबाखू टांगताना ऑरिन तिसऱ्या आडव्या वाशावरून खाली आला. पाठीचं मोठं ऑपरेशन, मग वर्षभर फिजिओ. त्याबद्दल घरात एकच म्हणत: देवानं निभावलं.

"तू येशील ना मंगळवारी?" ऑरिननं तिला विचारलं. "माझ्यामागे बस. निळा ड्रेस घाल."

"येते."

"मॉम माझ्या मागे पण बसणार आहे," कार्ली म्हणाली.

"एकच बाक असेल," लव्हॉन म्हणाली. "दोघांच्या मागे बसेन."

*

मंगळवारी दोन्ही बाजू एकाच पिकअप ट्रकमधून निघाल्या, कारण ट्रक एकच होता. पुढे ऑरिन, त्या कोटात न वाकता. शेजारी पॅपॉ, मांडीवर खोकं घेऊन. मागे लव्हॉन आणि कार्ली, मध्ये मेसी. खोक्यात पॅपॉंनी स्वतः बांधलेल्या जुड्या होत्या. आता गठ्ठे यंत्रानं दाबतात, पण पूर्वी पानांची देठं एकत्र धरून त्याभोवती एक पान गुंडाळून मूठभर जुडी बांधत, आणि ज्याची जुडी नेटकी त्याला बाजारात मान. संघाच्या प्रत्येक शेतकऱ्यानं कोटाच्या खिशात जुडी खोवून सभागृहात बसायचं ठरलं होतं. पॅपॉ दोन दिवस तेच करत बसले होते, फार खुशीत.

मोठा रस्ता लागायच्या आधीच मेसी खोकायला लागली. कार्लीनं काच खाली केली. थंडी आत आली. वर केली, वास आत कोंडला. पोर ढास लागून पुढे वाकली.

"थांबव," पॅपॉ म्हणाले.

ऑरिननं पेट्रोलपंपावर ट्रक घेतला. म्हातारा खाली उतरला, काठी बगलेत आणि खोकं हातात घेऊन मागे गेला, आणि ते उघड्या हौद्यात ठेवून परत आला. बाहेर भुरभुर चालू होती.

"जुड्या भिजतील, डॅडी."

"भिजू देत. चल."

एवढंच. पण मागच्या बाकावर कार्लीनं आईचा हात दाबला. लव्हॉननं आरशात नवऱ्याचे डोळे पाहिले. ते रस्त्यावर नव्हते, पोरीवर होते.

समितीची खोली गच्च भरली होती. एका बाजूला टोप्या मांडीवर घेतलेले शेतकरी, दुसऱ्या बाजूला आया, नर्स, बाबागाड्या. मधली वाट चर्चमध्ये वर आणि वधूकडच्या माणसांत असते तशी. लव्हॉन वाटेकडेच्या खुर्चीवर बसली, मेसी तिच्या मांडीवर. शेजारी पॅपॉ. संघाच्या लोकांनी ओल्या जुड्या खिशात खोवल्या. छातीवर डाग उमटले.

वर लाकडी मेजामागे रेट्टा बसली होती, लाल जाकीट घालून. तिनं घरच्यांकडे एकदाही पाहिलं नाही. नखांच्या कडा अजून काळ्या होत्या.

कार्लीचं नाव आधी आलं. ती माइकशी गेली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. लहानपणी कविता विसरली की व्हायचे तसे.

"मी तंबाखूच्या घरातली," ती म्हणाली. "माझे डॅडी माझ्यानंतर बोलतील, विरुद्ध बाजूनं. ते चांगले आहेत. भांडू नका त्यांच्याशी."

खोलीत हसू पसरलं. शेतकऱ्यांच्या बाजूनंसुद्धा.

"आम्ही भीक मागत नाही. माझा नवरा रोज कामाला जातो. आम्ही जास्त गरीब असतो तर माझ्या मुलीला कार्ड मिळालं असतं. आम्ही मेहनत केली आणि ते गेलं. मी लहानपणी आजारी पडले की मला डॉक्टरकडे नेत. कोणी विचार करत बसत नसे. नेत. मला माझ्या मुलीला तसंच न्यायचंय. विचार न करता." तिचा आवाज फाटला. "एवढंच. थँक्यू, सर. थँक्यू, मॅडम."

आयांच्या बाजूनं टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी हातोडी आपटली; शहरातला, टक्कल पडलेला, सौम्य माणूस. "मिस्टर ऑरिन प्रेथर."

ऑरिन उभा राहिला. कोटाची शिवण कुठेतरी बोलली. त्यानं कागद उलगडला आणि वाचला, चांगला वाचला. मातीबद्दल, वडिलांबद्दल, सरकारनं ठरवून दिलेला लागवडीचा कोटा गेला त्यानंतरच्या वर्षांबद्दल, आधीच वाकलेल्यांच्या पाठीवर आणखी ओझं टाकू नका, असं. ते खोटं नव्हतं. शेतकरी माना हलवत होते. "चार पिढ्या या पिकानं आम्हाला खाऊ घातलं, शिकवलं, आजारपणात सांभाळलं. धन्यवाद."

"प्रश्न?" अध्यक्षांनी विचारलं.

"मला आहे," रेट्टा म्हणाली.

तिनं पहिल्यांदा भावाकडे पाहिलं. लव्हॉनच्या मांडीवर मेसी ताठ झाली. "रेट्टा आंटी!" तिनं मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं.

"मिस्टर प्रेथर," रेट्टा म्हणाली. ज्याच्या नाकातून तिनं लहानपणी रक्त काढलं होतं त्याला तिनं मिस्टर म्हटलं, आणि कोणी हसलं नाही. "तुम्ही कोठारात वाशावरून पडलात. पाठीचं मोठं ऑपरेशन झालं. तेव्हा या पिकानं तुम्हाला नेमकं कसं सांभाळलं?"

पॅपॉंची काठी जमिनीवर टक्कन आपटली.

ऑरिनच्या मानेवर लाली चढली. त्याच्यामागे सगळे शेजारी होते, ज्यांच्याबरोबर त्यानं तीस वर्षं तंबाखू तोडली होती. त्यानं कागदाकडे पाहिलं. कागदात ते नव्हतं.

"देवानं निभावलं, मॅडम," तो म्हणाला.

"आमेन," मागून कोणीतरी म्हणालं.

आणि लव्हॉन हसली.

तिला हसायचं नव्हतं. शिंक येते तसं आलं, छोटंसं, पण त्या शांततेत भिंतीपर्यंत गेलं. माना वळल्या. तिनं तोंडावर हात धरला. रेट्टानं खाली पाहिलं आणि कागद सारखे केले. "आणखी प्रश्न नाहीत."

ऑरिन येऊन शेजारी बसला. समोर पाहत, ओठ न हलवता म्हणाला, "काय झालं हसायला?"

"काही नाही."

"लव्हॉन."

"मला देव दिसला," ती तितक्याच हळू म्हणाली. "त्याच्या डोक्यावर केसांची जाळी होती, आणि तो बिस्किटं भाजत होता."

 ऑरिनचे हात गुडघ्यांवर होते, चिकानं काळे. तिचे मेसीच्या पोटावर, पिठानं आणि वाफेनं भेगाळलेले. तो ते हात पाहत होता. या नवऱ्यानं आपले हात असे लग्नाच्या दिवशी पाहिले होते, अंगठी बसत नव्हती तेव्हा, असं तिच्या मनात आलं.

मतदान सुरू झालं. लिपिक बाई एकेक नाव घेत होत्या. होय. नाही. नाही. होय. पाठीमागे कोणी श्वास घेत नव्हतं. मतं बरोबरीला आली.

"प्रतिनिधी प्रेथर?"

रेट्टाचे ओठ हलले, पण माइक बंद होता.

"ऐकू आलं नाही, मॅडम."

तिनं बटण दाबलं. "होय," ती म्हणाली. मग, शनिवारपासून अडकलेलं मोकळं होतंय अशा आवाजात, "होय म्हटलं मी. मोठ्यानं."

जे उसळलं त्याला टाळ्या म्हणणं कमी आहे. बाया खुर्च्यांवरून उठल्या, बाबागाड्या हलल्या, दोन पोरं दचकून रडली, एका नर्सनं अनोळखी पुरुषाच्या गळ्यात हात टाकले आणि तो संघाचा निघाला. कार्ली दोन खुर्च्या ओलांडून आली आणि आईच्या, मेसीच्या, सगळ्यांच्याच अंगावर कोसळली. "मॉम, झालं! मॉम!" लव्हॉनला तिच्या केसांतून नीट दिसत नव्हतं. मेसी विचारत होती, कोण जिंकलं? "तू, शुगर," लव्हॉन म्हणाली. "तू जिंकलीस." पुढे पूर्ण सभागृह होतं, तिथली लढाई होती, हे माहीत असूनही ती रडत होती आणि हसत होती.

पॅपॉंनी टोपी डोक्यावर चढवली, पुन्हा काढली. "वेडी आहे," ते वरच्या लाल जाकिटाकडे पाहत म्हणाले. "अगदी आईवर गेलीय. तीही अशीच, सगळं गाव एकीकडे आणि ती एकीकडे." त्यांनी मोठ्यानं नाक शिंकरलं. "पुढच्या वेळी एक कोठार तर मिळेल तिला. माझं."

अध्यक्ष हातोडी आपटून थकले होते. शेतकरी उठायला लागले होते. तेवढ्यात लव्हॉनच्या शेजारची खुर्ची मोकळी झाली.

ऑरिन मधल्या वाटेनं पुढे चालला होता. संघाच्या माणसानं त्याची बाही धरली. त्यानं ती सोडवली. तो माइकशी जाऊन उभा राहिला, हातात कागद नव्हता.

"मिस्टर प्रेथर," अध्यक्ष म्हणाले, "मतदान झालं."

"माहितीये, सर. मतासाठी नाही आलो. माझं एक वाक्य चुकीचं लिहून घेतलंत तुम्ही. म्हणजे मीच चुकीचं सांगितलं. दुरुस्त करायचंय."

अध्यक्षांनी रेट्टाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग हातोडी खाली ठेवली. खोली हळूहळू गप्प झाली. कार्लीनं डोळे पुसले. पॅपॉ अर्धवट उठले होते ते तसेच राहिले.

"मी म्हणालो, देवानं निभावलं. देवाला मध्ये ओढायचं कारण नव्हतं." त्यानं घसा साफ केला. "माझ्या पाठीचा खर्च माझ्या बायकोच्या विम्यानं केला. माझ्या मुलीच्या अपेंडिक्सचं बिल बायकोच्याच पगारानं फेडलं. तिचे स्वतःचे गुडघे तेवढे राहिले. ती शाळेच्या स्वयंपाकघरात जाते, आम्ही सगळे झोपेत असताना. माझ्यामागे हे जे बसलेत ना, त्यांतल्या निम्म्यांच्या घरी असंच आहे. कोणाची बायको शाळेत, कोणाची दवाखान्यात, कोणाची कोर्टात. आम्ही एकमेकांना विचारत नाही."

 शेतकऱ्यांतल्या एकानं खिशातली जुडी काढून मांडीवरच्या टोपीत ठेवली.

ऑरिन वळला. माइककडे पाठ झाली तरी त्याचा आवाज त्या खोलीला पुरला.

"लव्हॉन, आमच्या घरात म्हणतात तुला हौस आहे म्हणून जातेस. मी पण म्हणतो. तुला कधीच हौस नव्हती. हौस माझी आहे. तंबाखू ही माझी हौस आहे, आणि इतकी वर्षं ती तू पोसलीस."